चवळीखाऊ

४ मार्च

कर्नल येतोय! बावीस वर्षं राष्ट्राध्यक्षपद भोगल्यावर आता जन्मगाव आठवलं. शाळेत पोरं त्याचं चरित्र घोकतायत — धरणावरच्या मजुराचा मुलगा, शिपाई, कर्नल, राष्ट्रपिता. त्याने कॉलेजवर गोळ्या झाडायला लावल्या ते धड्यात नाही. माझ्या बाकावरचा द्रामान त्यात गेला. प्रेतसुद्धा घरच्यांना दिलं नाही. मी त्याच दिवशी कॉलेज सोडलं.

५ मार्च

पक्षाच्या चिटणिसाने माझ्या सारानच्या घरी मागणीच्या कोलाच्या बिया पाठवल्या. तिच्या बापाने त्या ठेवून घेतल्या! म्हणजे लग्न ठरलंच. नदीवर तिला गाठून वाट्टेल ते बोललो. तिने धुणं पिळणं थांबवलं नाही. "माझ्यावर कसला ओरडतोस? त्या कर्नलच्या तोंडावर बोल. मग मी बापाला नाही म्हणते."

७ मार्च

बाबांना सांगितलं तर हसायलाच लागले. आपलं आडनाव कैता, त्याचं कुलिबाली — दोन्ही कुळांचं पिढ्यांचं थट्टेचं नातं. चवळीखाऊ म्हणा, आईबाप काढा, कुणी रागवायचं नाही. बोल की, म्हणाले, तुला कोण अडवतंय!

मला थट्टा करायची नाहीये!!

९ मार्च

बोललो. भर चौकात. "तू खुनी आहेस. द्रामानला तू मारलंस."

शिपायांनी धरलं. कर्नलने विचारलं, आडनाव काय? आणि मी — गाढव — सवयीने सांगून टाकलं.

"सोडा रे त्याला. आमचा चवळीखाऊ आहे."

सगळा चौक हसला. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. द्रामानची आई हसली. सारानही.

१० मार्च

आडनाव! आडनाव कशाला सांगितलं!

२ जून

सारानचं लग्न पिकं निघाल्यावर. माझ्याशी बोलत नाही.

१४ जून

कर्नल मेला. झोपेत! पुरायला इथेच आणतायत. म्हातारी माणसं दारात आली — मयताची नक्कल थट्टेच्या नात्यातल्यानेच करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, रीतच आहे. फोटोत तूच आहेस, म्हणाली, तूच कर. त्याची टोपी आणि काळा चष्मा ठेवून गेली.

१५ जून

टोपी घातली. चष्मा लावला. अंगणात सगळे हसायच्या तयारीत बसलेले. त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो, "द्रामानला मी मारलं."

कोणी हसलं नाही. सारानही नाही.

द्रामानची आई उठली. जवळ येऊन उभी राहिली, टोपीकडे बघत. "कुठे पुरलंस रे त्याला?"

मला माहीत नव्हतं.