खर्रा घोटून होईपर्यंत

१२ नोव्हें., बुध.
पोरगा देवा दुपारी रायपूरहून आला. घरापुढे ट्रक लावला अन् लगेच चावी फिरवली. मी ओट्यावरून ओरडलो, "अबे, ठंडी तर होऊ दे!" पळून आलेल्या गाडीचा टर्बो लालबुंद असतो. इंजिन झटक्यात बंद केलं की तेल फिरायचं थांबतं, आतल्या आत जळून कोळसा होतो. मीच शिकवलेलं. माझी रीत साधी. गाडी थांबली की प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना टाकायचा, खर्रा घोटायचा. घोटून झाला की चावी. इंजिन तोवर चालू.
आज त्याने खर्रा काढलाच नाही. लई बोललो त्याला. तो आत गेला.
मग सूनबाई, वनिता, म्हणाली, "मामाजी, त्यायले खर्रा जमत नाही आता. तोंडच उघडत नाही. महिना झाला, पोहे भिजवून देऊन राहिली."
महिना! एका ओळीत बसून जेवतो आम्ही.

१४ नोव्हें., शुक्र.
गोंदियाला डॉक्टरकडे. तिघंही गेलो. तोंडात तीन बोटं जायला हवीत म्हणे. देवाच्या एकच गेलं, तेही आडवं-तिडवं करून. गालाच्या आत पांढरा पट्टा, त्यावर जखम. तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट २२ ला.
डॉक्टरने विचारलं, "कब से खाते हो?"
"गाडी सीखा तब से."
"क्यों?"
"इंजन ठंडा करने के लिए, साब."
डॉक्टर हसला. त्याला काय कळणार. मी खालच्या फरशीकडे पाहत राहिलो.

१५ नोव्हें.
काही सुचत नाही. खर्ऱ्याऐवजी ट्रकला फेरी मारून टायर ठोकून पाहा, असं सांगितलं असतं तरी तेवढाच वेळ गेला असता. जप करत बस म्हटलं असतं तरी…

१७ नोव्हें., सोम.
सडक अर्जुनीच्या ढाब्यावर गेलो. चार गाड्या चालू, चार ड्रायव्हर घोटून राहिले. माझेच चेले. म्हटलं, "पोट्टेहो, मोबाइलात घड्याळ आहे, ते पाहा. हे फेका."
"काका, तब्येत बरी आहे ना?"
रघू माझ्या जुन्या ओळखीचा. पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, तुमच्या खर्ऱ्यानं माह्या टर्बो आठ वर्षं चालून राहिला. एक पैशाचं काम नाही निघालं!"
सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?
देवाचं सांगायला तोंड उघडलं नाही. चहा तसाच ठेवून आलो.

२० नोव्हें., गुरु.
देवा घरीच. बोलणं कमी. वनिता वरणाचं पाणी गाळून देते. मी समोर बसलो तर तो पाठ फिरवून पितो.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी ओट्यावर दोघंच. त्यानेच विषय काढला.
"बाबा, तुम्ही खर्रा सोडला त्याले दहा वर्षं झाली. मले काऊन नाही म्हटलं, सोड म्हणून?"
खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "दात पडले म्हणून सोडला बापू. चांगलं-वाईट पाहून नाही. अन् तू घोटत बसायचा ते पाहून मले बरं वाटे. म्हणायचो, पोरगा गाडी जपते."
त्यानं घरापुढच्या ट्रककडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी तर जपली."
रागानं म्हणाला की कसं, समजलं नाही. त्याचं तोंड आता हसलं तरी तेवढंच हलतं, चिडलं तरी तेवढंच.
विचारलं, "उद्या रिपोर्टाले मी येऊ?"
हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. वनिताला एवढंच सांगितलं, सातची बस आहे.
धुतलेला सदरा मी काढून ठेवला आहे.