हात झटकून हसला तो

मंगळवार, मार्च. योकोहामा

आज बेसबॉलच्या सराव सामन्यात आमच्या संघाच्या मुख्य पिचरने चेंडू टाकला, हात दोनदा झटकला आणि हसला. कोपर दुखावलंय म्हणे. मोसम सुरू व्हायच्या आधीच. संध्याकाळभर टीव्हीवर तेच. बंद का नाही केला मी?

मोरी-सानांचा फोन आला. स्टेडियममध्ये ते वर्षानुवर्षं ह्यांच्या शेजारी बसायचे.

"बघितलंत ना? पण हसला तो! म्हणजे फार काही नसणार. पहिल्या सामन्याला येईलच."

"येऊ नये त्याने," मी म्हटलं. "आधी नीट तपासून घेऊ दे."

"अहो, तुम्ही आमच्या बाजूच्या की समोरच्या? तो नसला तर आपण तळाला जाऊ!"

त्यांना काय सांगणार? हेसुद्धा असेच हसायचे. खांदा चोळत "जरा जड वाटतंय" म्हणायचे आणि मॅचला निघायचे. तपासणी झाली तेव्हा कळलं, दुखणं खांद्याचं नव्हतंच, फुप्फुसाचं होतं.

हात झटकला आणि हसला. इतके लोक बघत होते, आणि सगळ्यांना फक्त हसणं दिसलं.

खेळाची पानं वाचून वाचूनच मी जपानी शिकले. उद्याचा मथळा मला वाचता येणार. नको वाटतंय.

दिवा लावायला गेले. ह्यांचा फोटो स्टेडियममधलाच, शेवटच्या मोसमातला. तोंडभर हसताहेत. हा फोटो काढताना दुखत होतं का हो तुम्हाला?