बाल्दोमेरोचा रुसवा

९ जानेवारी, आल्बासेते

ड्रायव्हर व्हायोलिन सामानाच्या कप्प्यात टाकायला निघाला होता. दिलं नाही — सारागोसापासून मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "बाळ शांत आहे हो तुमचं." आगाऊ!

रेमेने सशाचा रस्सा केला होता, त्यात पातळ भाकरीचे तुकडे मोडून. दोनदा घेतला. शाळेत असल्यापासूनची मैत्रीण, लग्न होऊन इकडे आली आणि आमचा डोंगर सुटला तिचा. पण तिकडची बित्तंबातमी हिला माझ्याआधी असते. बाल्दोमेरोचं घर विकलं गेलं. फेब्रुवारीत नवरा-बायको मुलीकडे बार्सेलोनाला जाणार, कायमचे. आणि सेराफिनशी अबोला अजून तसाच.

मी म्हटलं, तो जायच्या आत दोघांना एका कढईतून जेवायला घालते की नाही बघ.

"पाद्र्याने हात टेकले तिथे तू कोण लागून गेलीस?" इति रेमे. आणि वर आणखी रस्सा वाढला.

१० जानेवारी, बसमध्ये

सहा वर्षांपूर्वी व्हायोलिन मीच वाजवत होते. तरी मला धड ठाऊक नाही काय झालं ते. वाजवणारीचं लक्ष हाताकडे असतं.

द्राक्षतोडणीचं जेवण झालं होतं, नेहमीसारखे आमचे हे दोघं शाहीर गाण्यातून एकमेकांची खेचायला रिंगणात समोरासमोर बसले. बाल्दोमेरोने पाच ओळी टाकल्या. आता व्हायोलिनचं एक आवर्तन संपायच्या आत सेराफिनने पाच ओळींत उत्तर द्यायचं. आमच्याकडे रिंगणात कोणी कोणाचा बाप काढला तरी चालतो — रिंगणातलं रिंगणात राहतं. चालत नाही ती एकच गोष्ट, गप्प बसणं. गप्प बसलास म्हणजे समोरचा तुझ्या उत्तराच्याही लायकीचा नाही.

सेराफिन गप्प बसला! मी दुसरं आवर्तन वाजवलं, तिसरं वाजवलं. तो आपला ग्लासात बघतोय. बाल्दोमेरोने टोपी जमिनीवर आपटली, चार शिव्या हासडल्या आणि तरातरा निघून गेला. पन्नास वर्षांची दोस्ती तिथे संपली.

पण का गप्प बसला? त्या पाच ओळींत असं काय होतं? हे मला त्याच दिवसापासून कुरतडतंय. रेमे म्हणते बकऱ्यांवरून काहीतरी होतं. रेमे तर तिथे नव्हतीच.

१२ जानेवारी, बाल्दोमेरोकडे

डुक्कर कापून झालंय. अंगणात दालचिनीचा आणि रक्ताचा वास, त्याच्या बायकोचे, पिएदादचे, हात कोपरापर्यंत लाल. मलाही बसवलं सॉसेज भरायला. "शहरात राहून बोटं विसरली का गं?" विसरली नाहीत. फक्त दुखतात.

बाल्दोमेरो ओटीवर गिटार घेऊन. अर्धं घर खोक्यांत गेलंय, गिटार मात्र अजून हातात. मी वाजवलं, तो गायला, पिएदाद आतूनच ताल धरत होती. आवाज तसाच — मळलेला आणि गोड. हळूच म्हटलं, समोर सेराफिन पाहिजे होता.

"त्या शिष्टाचं नाव माझ्या घरात काढायचं नाही," म्हणाला. मग त्याच दमात, "खोकला कमी झाला का त्याचा?"

रागावलेला माणूस खोकल्याची चौकशी करतो का?

१३ जानेवारी

पिएदादला त्या पाच ओळी पाठ आहेत! म्हणाली, "साधीच गंमत होती गं. यापेक्षा वाईट माझ्या आईवर रचल्या होत्या त्याने." उतरवून ठेवते —

सेराफिनच्या वेली पाहा,
द्राक्षं त्यांना येती दहा,
नऊ पाखरं नेती खुडून,
उरल्या एकाची दारू काढून
साऱ्या गावाला म्हणतो, राहा!

एवढंच? यावर गप्प बसला? सेराफिन तर यावर अर्धा तास पलटवार करील.

१४ जानेवारी, सेराफिनकडे

सकाळपासून पाऊस. पाऊस म्हणजे कढई चुलीवर, आमच्या डोंगरात दुसरं काही शिजत नाही. तशीच चालत वर गेले. वाटेत भेटलेला प्रत्येक जण सांगत होता, जाऊ नकोस, तो हल्ली रामरामालाही उत्तर देत नाही, गर्व झालाय.

दार ठोठावलं, हाका मारल्या. दार उघडंच होतं. सेराफिन पाठमोरा, रवा परततोय. कुत्रं माझ्यावर भुंकून भुंकून अर्धं झालं तरी वळला नाही. कुत्र्याने त्याच्या पोटरीला नाक लावलं तेव्हा वळला आणि केवढा हसला! "विसी! ओली चिंब झालीस की. बस, बस."

लसूण, तळलेल्या मिरच्या, खारवलेले मासे, वर द्राक्षं. एकाच कढईतून, घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला जागा मिळते. दोघंच होतो तरी प्रत्येक घासाला तो मागे सरत होता. एवढं दुसऱ्याला सांभाळून खाणारा माणूस गर्विष्ठ कसा?

मी खिडकीतून पाऊस बघत म्हटलं, बाल्दोमेरो चाललाय. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाही. वळून म्हटलं, तर लगेच — "कळलं मला. भाजीवाल्याने सांगितलं."

तेव्हा मनात काहीतरी चमकलं. जेवणानंतर व्हायोलिन काढलं. तो माझ्या हाताकडे बघत पायाने ताल देत होता, अगदी बरोबर. मग मी — का केलं कोण जाणे, कुतूहल ही माझी जुनी खोड — गज तारांवरून जरासा उचलला आणि हवेतच फिरवत राहिले. घरात फक्त पावसाचा आवाज.

सेराफिनचा पाय ताल देतच राहिला.

मला रडू फुटलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याच्या ध्यानात आलं. पाय थांबला.

१५ जानेवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

उजवा कान आधी गेला, मग डावा, हळूहळू. द्राक्षतोडणीच्या त्या जेवणाला दोन्ही गेले होते. ओठ वाचून भागवायचा. पण त्या वेळी सूर्य बाल्दोमेरोच्या पाठीशी होता, त्याचं तोंड सावलीत. त्याची पाळी संपली कधी हेच कळलं नाही. ग्लासात बघत बसला. मान वर केली तेव्हा टोपी जमिनीवर होती.

मी म्हटलं, मग सांगायचं ना! सगळं मिटलं असतं.

"बहिरा शाहीर? लोकांनी दया केली असती. गर्विष्ठ म्हणतात ते बरं. गर्विष्ठाला लोक वाट सोडतात, बहिऱ्याला हाताला धरून नेतात." मग माझं मनगट धरून म्हणाला, "तू बोलायचं नाहीस. त्याच्यापाशी तर मुळीच नाही." शब्द दिला.

निघताना विचारतो कसा, "विसी, काय गायला होता गं तो?"

सहा वर्षं या माणसाला माहीत नव्हतं! कोणाला विचारणार? मी समोर बसून एकेक ओळ सावकाश म्हटली. दहा द्राक्षांपाशीच हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. डोळे पुसले, चुलीकडे बघितलं, आणि माझं व्हायोलिनचं एक आवर्तन झालं असतं तेवढ्यात —

पोट भरून ती पाखरं
एकमेकांना सांगती खरं —
बाल्दोमेरोच्या मळ्यात गेलो,
चोच वाजवत परत आलो,
आपलं सेराफिनकडेच बरं!

"उशीर झाला," म्हणाला. "पण बरं जमलंय, नाही?"

बरं? मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

१६ जानेवारी

शब्द दिलाय तो कानांबद्दल. उत्तराबद्दल नाही दिलेला.

१७ जानेवारी, सेंट अँटनीचा दिवस

पोरांनी चौकात होळीसाठी लाकडं रचली होती. दुपारी बाल्दोमेरो अंगणात लसूण सोलत होता, पिएदाद सॉसेज वाळत घालत होती. व्हायोलिन घेतलं आणि काही न सांगता गायले. आधी त्याच्या पाच ओळी. मग एक आवर्तन. मग सेराफिनच्या पाच.

वाटलं होतं हसेल. निदान शिवी देईल.

हातातला लसूण गळून पडला. विचारलं, "हे त्याने रचलं? आता? परवा-तेरवा?" मी हो म्हटलं. उठला आणि टोपी न घालताच बाहेर गेला.

पिएदाद म्हणाली, "कशाला उकरलंस गं? खपली धरली होती."

होळीला आला नाही. सगळे आगीपाशी सॉसेज भाजून खात होते, मला नाच-गाणं सुचेना. निववायला गेले आणि पेटवून आले. दोन-तीन आठवड्यांत हा जाईल, आणि आता तर भेटायचं नावच नको. रेमे म्हणाली होती — तू कोण लागून गेलीस.

१८ जानेवारी

सकाळी बाल्दोमेरोने मला मळ्यात नेलं. वेलींची छाटणी अर्धी झालेली. नवीन मालक काय करील कोण जाणे.

"त्या ओळी तू त्याला सांगितल्यास," म्हणाला. "म्हणजे तुला कळलंय."

मी छाटलेल्या फांद्या गोळा करायला लागले. शब्द दिला होता.

"मला त्या दिवशीच कळलं. मागे पोरांनी फटाक्याचा बाण उडवला, तुझा गज घसरला, सगळे दचकले. त्याची पापणी हलली नाही. सगळी पंगत त्याच्याकडे बघत होती, आणखी घटकाभरात कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं. मग मी टोपी आपटली. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

मी म्हटलं, पण सहा वर्षं?

"दिलजमाई झाली असती तर पुढच्या लग्नात आम्हाला पुन्हा समोरासमोर बसवलं असतं. तू ओळखतेस आपल्या लोकांना. आणि एकट्याने वर जाऊन बसलो असतो, तर माझ्यासमोरही त्याला ऐकू येतंय असं नाटक करावं लागलं असतं. ते मी कसं करायला लावू त्याला?"

मग जाण्याआधी भेटणार नाहीस?

नाही म्हणून मान हलवली. वेलीची एक फांदी कापली, खाली टाकली. "त्याला सांग, अजून रागावलाय म्हणून. नीट सांग, पटेल असं." कात्री खिशात घातली. "फार जड जातं गं, विसी. मला तर राग दोन दिवससुद्धा टिकत नाही."