अधिकातली पंचमी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
वारूळवाडी, १४ जून २००४

ती. दादास,
हिराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडूच येतं, म्हणून हे अंतर्देशीय. आईच्या दहाव्याला ह्यांनी तुला सगळ्यांदेखत म्हटलं, की बापाची मेंढरं मोजायची सोडून हा मेलेले राजे मोजत बसलाय. त्याला नऊ वर्षं झाली. तू पुन्हा उंबरा ओलांडला नाहीस. मी मात्र दर श्रावणात भावाचा उपवास धरते. आता हेच म्हणतात, नागपंचमीला दादाला बोलाव, स्टँडवर न्यायला मी जातो, मला त्यांच्याशी एकदा बोलायचंय. दम्यानं लई खंगलेत रे. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत. तुझ्यासाठी पुरणाची दिंडं करीन, तूप आत्तापासून साठवतेय. मेलेल्या राजांना चार दिवस सुट्टी दे.

लोभ आहेच, तो आता स्वतःच्या पायांनी घरी यावा.
तुझी, सौ. हिरा

॥ श्री ॥
इंदूर, २८ जून २००४

चि. सौ. हिरास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

येतो. गोरक्षरावांना सांग, राग केव्हाच शिळा झाला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पुस्तकात गुंतलोय : जुन्या जगात कोणत्या महिन्यात काय घडलं. मार्चात सीझरचा खून, ऑगस्टात व्हेसुव्हियसनं गावं गाडली, चैत्रात आपला शक. जुन्नरचं पान तेवढं कोरं. मानमोडीच्या लेण्यात पाण्याच्या टाक्याचं दान कोरलंय, वर्ष दिलंय, महिनाच दिला नाही! रोमचे पुजारी तर जादा महिना घालायला चुकत गेले आणि सुगीचे सण सुगी सोडून पडू लागले. शेवटी सीझरनं एका वर्षात तीन महिने कोंबून घडी बसवली. तू असतीस तर पंचांग दाखवून त्यांचे कान उपटले असतेस.

श्रावण शुद्ध पंचमीला सकाळी पोचतो. तूप जपून ठेव, तशी मायाही.
तुझा, दादा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
वारूळवाडी, २४ ऑगस्ट २००४

ती. दादास,
शि. सा. न.

शुक्रवारी पंचमी झाली. तू आला नाहीस. हे पहिल्या एसटीपासून नारायणगावच्या स्टँडवर बसले. इंदूरकडची गाडी लागली की उठून उभे राहायचे. दुपारी डबा पाठवला, तो तसाच परत. तिन्हीसांजेला भिजून घरी आले आणि एवढंच म्हणाले, की माझा शब्द त्यांना अजून टोचतोय. तेव्हापासून अंथरुणाला आहेत. दिंडं गाईला घातली.

मी रागावले नाही. ह्यांच्या नावानं दोन ओळी लिही, तेवढ्यानंही त्यांना बरं वाटेल.
तुझी, सौ. हिरा

॥ श्री ॥
इंदूर, ५ सप्टेंबर २००४

चि. सौ. हिरास,
आशीर्वाद.

मी आलो होतो गं. बावीस जुलैला. दाराला कुलूप. ओट्यावर तासभर बसलो. वाटलं, बोलावून मुद्दाम दार लावून घेतलं. कुणाला न विचारता माघारी फिरलो, मनात अढी धरून गप्प राहिलो. तुझं पत्र वाचलं तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका नीट पाहिली. यंदा श्रावण दोन! मी जुन्या तारखा काढायच्या माझ्या तक्त्यावरून तिथी मोजली आणि अधिक श्रावणातच येऊन गेलो. रोमच्या पुजाऱ्यांना हसणारा मी! गोरक्षरावांना हे मोठ्यानं वाचून दाखव. म्हणावं, तुमचंच खरं, मेंढरं मोजली असती तर एवढा चुकलो नसतो.

पुस्तक छापखान्यात देतो आणि गणपती झाले की निघतो. तोवर दोघांनी माझी चूक पोटात घाला.
तुझा, दादा

वारूळवाडी, १७ सप्टेंबर २००४

ती. दादास,

तुझं पत्र काल पोचलं. हे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गेले. पत्रावर तू चि. सौ. लिहिलंयस. ते देताना पोस्टमनला माझ्याकडे बघवेना.

जुलैत आम्ही अधिकाचं पुण्य म्हणून भीमाशंकरला गेलो होतो. आल्यावर शेजारची कुशाबाई म्हणाली, कुणी शहरी माणूस ओट्यावर बसून गेला. आम्हाला वाटलं, विम्याचा एजंट. हे हसून म्हणाले, बरं झालं कुलूप होतं.

कुशाबाईला एक शब्द विचारला असतास, दादा. तुझं मेंढरांचं वाक्य ऐकून हे खोकला लागेस्तोवर हसले असते. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, तरी इंदूरची गाडी लागली का, एवढंच विचारत होते.

गणपती झाल्यावर येतो म्हणतोस. यंदा आमच्याकडे गणपती नाही. तिथी बघू नकोस, तक्ता काढू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये. दार उघडंच आहे. स्टँडवर न्यायला मात्र कुणी येणार नाही.

हिरा