बाटलीचं झाकण

आई, तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते.

इथल्या लोकांच्या तब्येतीच्या अडचणी लिहून घ्यायला आम्हा विद्यार्थिनींना सध्या दोघी-दोघी करून घरोघरी पाठवतात. माझी जोडीदारीण फार गोड बोलते, म्हणून तिला मी मनातल्या मनात साखरबाई म्हणते. चाळीस प्रश्न मी विचारते आणि माणसं उत्तरं देतात तिच्याकडे बघून!

परवा एकट्या राहणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" त्या "हो" म्हणाल्या. मी कागदावर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळले. साखरबाई म्हणाली, "बाटली बघू जरा." बाटली भरलेलीच! आजींच्या सुजलेल्या बोटांनी झाकणच उघडत नव्हतं आणि सांगायची त्यांना लाज वाटत होती.

सरांनी वर्गात तिचं तोंडभरून कौतुक केलं. माझा नुसता जळफळाट झाला. एवढं काय त्यात?

पण रविवारी फोनवर मी तुलाही तेच विचारलं होतं आणि तूही "हो" म्हणालीस. तुझी बोटं कशी आहेत? साखरबाईने तुला पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ते मी आज विचारते. तुझ्याने झाकण उघडतं का गं?

तुझीच,
धाकटी