तिसरा मजला : विक्रीपूर्व काम चालू

४ जानेवारी, सकाळी ९
घर विकायचं ठरलं. म्हणजे हिने ठरवलं, मी मंजुरी दिली. हिच्या गुडघ्यांना जिने बंद असं डॉक्टरांनी मागेच सांगितलंय, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हिच्या धाकट्या बहिणीच्या गल्लीत तळमजल्याचं एक घर रिकामं आहे. मालक मार्चअखेरपर्यंत थांबणार आहेत. शहाऐंशी दिवस. बस डेपोत चौतीस वर्षं मी वेळापत्रकं लावली. शहाऐंशी दिवसांत मी दोन घरं विकेन.
(गाड्या उशिरा सुटायच्या तो ड्रायव्हरांचा प्रश्न. कागदावर माझी एकही गाडी कधी लेट नव्हती.)

७ जानेवारी
एजंट येऊन गेला. पांढरे बूट घालतो. म्हणाला, घर आहे तसंच काढा, फार तर रंगाचा एक हात मारा. मी त्याला व्हॅल्यू ॲडिशन म्हणजे काय ते चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी शेवटी तो मान हलवत होता. पटलेलं दिसतंय.
निर्णय : बाथरूम नवी. स्वयंपाकाचा ओटा नवा. हॉलमध्ये भिंतीतले कोनाडे, आत लाइट. मग किंमत आपण सांगायची आणि गिऱ्हाइकाने खाली बसून ऐकायची.
हिचं मत : आहे तसं विकावं. नोंद घेतली.

१२ जानेवारी
एजंटाने न विचारता गिऱ्हाईक आणलं. दोघंही शाळेत शिकवणारी. बाईंना स्वयंपाकघर फार आवडलं, सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं म्हणून. ओट्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. पुढच्याच आठवड्यात व्यवहार करू म्हणाले. मी त्यांना घरातले सतरा दोष दाखवले. प्रामाणिकपणा हा माझा स्वभाव आहे. म्हटलं, महिन्याभराने या, घर ओळखणार नाही.
जाताना नवरा एजंटाकडे बघत होता आणि एजंट छताकडे.
जेवताना हिने ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवलं. दमली असेल.

१८ जानेवारी
मिस्त्री ठरवला. पन्नाशीचा, कानामागे पेन्सिल. बाथरूममध्ये दहा मिनिटं उभा राहिला, फरशीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, बसलीय चांगली, कशाला हात लावता, तसंच विका.
स्वतःच्या पोटावर पाय देणारा कारागीर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आळशी. पण दुसरा मिळेपर्यंत हाच. सोमवारी येतो म्हणाला.

२० जानेवारी, दुपारी १
वाट बघत बसणं माझ्या रक्तात नाही. छिन्नी-हातोडा आणला. बाथरूमच्या भिंतीवरची फक्त एक टाइल काढून ठेवायची, म्हणजे मिस्त्रीला अंदाज येईल.

२० जानेवारी, दुपारी १.४०
भिंतीत पाइप असतो हे मान्य. पण तो नेमका तिथे असायचं काहीच कारण नव्हतं.

२० जानेवारी, संध्याकाळी ५
खालच्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन वर आल्या. मला वाटलं मदतीला. बादली त्यांच्या छतातून गळलेल्या पाण्याने भरलेली होती, मला दाखवायला आणली होती. मी म्हटलं, विक्रीपूर्व काम म्हटलं की एवढं चालायचंच. हिने खाली जाऊन त्यांची फरशी पुसून दिली आणि माफी मागितली. गरज नव्हती. माफी मागितली की चूक झाली असं लोक धरून चालतात.

२३ जानेवारी
मिस्त्रीने भोक पाहिलं. कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. आता सगळीच बाथरूम काढावी लागणार. म्हणजे मी म्हणत होतो तेच.
अंघोळीची सोय झाली. खालच्या बाई भल्या आहेत, त्यांच्याकडे जायचं. मी दोन मिनिटांत जाऊन येतो. हिला एक मजला उतरून चढायला जरा वेळ लागतो. तेवढाच व्यायाम.

२ फेब्रुवारी
टाइल्स बघायला दुकानात. निवडायला वेळ द्यावाच लागतो. घर एकदाच विकतो माणूस. पांढऱ्यात अकरा पांढरे आहेत. सँपल म्हणून सात फरशा आणून हॉलमध्ये मांडल्या. दिवसाच्या वेगवेगळ्या उजेडात बघणार.

९ फेब्रुवारी
अजून बघतोय.
मिस्त्री मध्ये दुसऱ्या कामावर गेला. मी अडवलं नाही. हिने विचारलं, कुठलीही घेतली तर काय बिघडेल, आपल्याला थोडीच तिथे अंघोळ करायचीय? बायकांना डिझाइनमधलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण लिहून ठेवतो.

१६ फेब्रुवारी
हस्तिदंती पांढरा ठरला. दुकानात गेलो तर माल संपलेला, आला की गाडीने पाठवतो म्हणाले. लोकांना माझी आवड कशी कळते देव जाणे.
वेळ वाया जाऊ नये म्हणून ओटा फोडायला घेतला. स्टँडर्ड उंचीपेक्षा तो चार इंच बुटका होता. हिच्या उंचीचा करून घेतला होता, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. आता विकायचं म्हटल्यावर भावनांना थारा नाही. मिस्त्रीने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मार.
ही त्या वेळी बहिणीशी फोनवर बोलत होती. पहिला घाव पडल्यावर हिने फोन खाली ठेवला.

१७ फेब्रुवारी
शेगडी हॉलमधल्या टेबलावर. ओपन किचन. लोक याचे जादा पैसे मोजतात.

२५ फेब्रुवारी
एजंटाचा फोन. शाळेतल्या जोडप्याने पलीकडच्या रस्त्यावर घर घेतलं. त्यांना दृष्टीच नव्हती. बरं झालं.
दुपारी आणखी एक गिऱ्हाईक येऊन गेलं. आत आले, स्वयंपाकघरातला ढिगारा पाहिला आणि चुकीच्या मजल्यावर आलो म्हणाले. मी त्यांना कागदावर नकाशा काढून दाखवणार होतो. थांबले नाहीत.

३ मार्च
मिस्त्री म्हणतो, हॉलच्या दारावरची लाकडी फळी काढू, कोनाड्यांना जागा होईल. मी स्पष्ट नाही म्हटलं. ती फळी लोड-बेअरिंग आहे, वरचा भार तीच पेलते.
तो स्टुलावर चढला. वर डेपोची जुनी वेळापत्रकं, हिचं शिलाई मशिनचं झाकण, लेकीची शाळेची दप्तरं. म्हणाला, काका, लोड तर खूपच आहे. आणि काही न काढता खाली उतरला.
कोनाड्यांचा बेत रद्द. तांत्रिक कारण.

८ मार्च
आज ही अंघोळ करून वर येताना पंधराव्या पायरीवर बसली. मी टाइल्सच्या गाडीची वाट बघत गॅलरीत होतो. खालच्या बाईंनी हाक मारली तेव्हा कळलं. धरून वर आणलं. पलंगावर बसल्यावर ही शांतपणे म्हणाली,
“तुम्हाला घर विकायचंच नाहीये. तसं सांगा. मी रागावणार नाही.”
मी म्हटलं, हे सगळं कोणासाठी चाललंय मग? विकण्यासाठीच ना?
ही म्हणाली, “मला त्या जिन्यावर बसवून?”

८ मार्च, दुपारी
हास्यास्पद आरोप.

८ मार्च, संध्याकाळी
साफ हास्यास्पद.

१० मार्च
ही थोडे दिवस बहिणीकडे गेली. तिच्या बहिणीचं घर तळमजल्यावर आहे, बाथरूम चालू आहे, एवढंच काय ते त्या घराचं कौतुक. मी तिला खालपर्यंत सोडायला गेलो. चोपन्न पायऱ्या. एवढ्या असतील असं वाटलं नव्हतं. मी नेहमी पुढे जाऊन खाली थांबायचो.
घरात शांतता आहे. आता कामाला वेग येईल.

१३ मार्च
शांतता आहे.

१५ मार्च
माझ्या देखरेखीचा परिणाम दिसू लागला. मिस्त्री आता स्वतःहून रस घेतो. आज विचारत होता, पाणी किती वाजता येतं? गच्चीची किल्ली कोणाकडे? शेजार कसा आहे? काल त्याची बायकोही येऊन गेली. स्वयंपाकघरात सकाळच्या उन्हात बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, ओटा होऊ द्या, मग बघा. तिने विचारलं, पहिला किती उंच होता? मी हाताने उंची दाखवली. ती म्हणाली, तेवढाच बरा. तीही हिच्याच उंचीची.
नेतृत्व चांगलं असलं की कामगाराच्या घरचेसुद्धा जोडले जातात. डेपोतही हेच सांगायचो.

२१ मार्च
हिचा फोन. गुडघा बरा आहे. मला विचारलं, जेवता ना? मी म्हटलं, कामात वेळ कुठे. खरं तर आज काम नव्हतं. दुपारभर हॉलमध्ये बसलो होतो. खुर्च्यांवर सिमेंटची पोती आहेत म्हणून खालीच.
बोलता बोलता म्हटलं, टाइल्स आल्या की तू बघायला ये. ही म्हणाली, बघू.

२६ मार्च, सकाळी ११
एजंटाच्या ऑफिसात बोलावणं. घराला गिऱ्हाईक मिळालंय, हिने बोलणी पूर्ण केलीत, आता फक्त दुसऱ्या मालकाची, म्हणजे माझी, सही हवी. ही आधीच येऊन बसलेली. तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ. ओळखीचा वाटला. कानामागे पेन्सिल नव्हती म्हणून पटकन कळलं नाही.
मी विचारलं, तुम्ही कसे काय इथे?
मिस्त्री उठून उभा राहिला. म्हणाला, “काका, घर चांगलं आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला.”
किंमत जानेवारीपेक्षा कमी. कारण घरात बाथरूम नाही आणि ओटा नाही. याला मी जोरदार हरकत घेतली. एजंटाने विचारलं, मग आहे का? मी मुद्दा सोडून दिला, लहान होता.
एक अटही आहे. कागदावर टाइप केलेली. आजपासून ताबा देईपर्यंत मी घरातल्या कशालाही हात लावायचा नाही.
मी सही केली. निषेध म्हणून मोठी केली.

२९ मार्च
मिस्त्रीने तीन दिवसांत बाथरूम उभी केली. दुकानात जी होती ती टाइल. दिसायला बरी आहे. मी तसं म्हटलं नाही.
आज फळीवरचं सामान काढलं. मिस्त्रीने स्टूल धरलं. हात लावायची त्याने खास परवानगी दिली.

३१ मार्च, दुपारी १२
टेम्पो भरला. मार्चअखेर म्हटलं होतं, मार्चअखेर आहे. हे कोणीतरी लक्षात घ्यावं.
ही बहिणीकडून थेट खाली आली होती, ड्रायव्हरशेजारी बसली. मी शेवटचं खोकं घेऊन उतरलो. दुसऱ्या मजल्यावर थोडा थांबलो. पहिल्यावर पण. खोकं जड होतं. खोक्यात उशा होत्या.
किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. त्याला काही सूचना द्यायच्या होत्या, लिहून नेल्या होत्या. कागद खिशातच राहिला. माझं नियोजन पक्कं, पण दगदगीत एखादी गोष्ट राहते.
हिच्या शेजारी बसलो. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि विचारलं, काका, कुठे जायचं? मी पत्ता सांगितला. खणखणीत, पिनकोडसकट.
तो म्हणाला, “अहो काका, इथेच तर उभे आहोत आपण.”
ही हसली नाही. माझ्या हातावर हात ठेवला आणि नवा पत्ता सांगितला.