आवाज यांचा, नाव साहेबांचं

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
सकाळी प्रचाराच्या रिक्षावर यांचं गाणं वाजलं. हे जाऊन तीन वर्षं झाली. गाणं बाबासाहेबांवरचं, लिहिलं यांनी, गायलं यांनी. शेवटच्या कडव्यात रीतीप्रमाणे यांचं नाव, 'शहादेव सांगे', येतं. तेवढंच कापून तिथे उमेदवार साहेबांचं नाव घुसवलंय. उद्या रिक्षा अडवणार.

शनिवार, ९
अडवली नाही. आधी पुरावा नीट ऐकायला हवा. वळणापर्यंत ऐकू येतो.

सोमवार, ११
चार फेऱ्या. चारही वेळा पुराव्यासाठीच बाहेर गेले. छबुबाई ओट्यावरून म्हणाली, भामाबाय, नवरा व्हता तवा इतकं पळत न्हवतात की! म्हटलं, तवा ते घरातच गायचे. आमची कॅसेट केव्हाच खराब झाली. त्यामुळे पुरावा काय तो रिक्षावरच. रिक्षावाला नवनाथ दारासमोर आवाज वाढवतो. त्याला चहा दिला. चहानं विरोध कमी होत नाही.

बुधवार, १३
नेकनूरच्या प्रचार कार्यालयात गेले. तिथले मोहनराव म्हणाले, वहिनी, शहादेवचं नाव होतंय, कावून चिडता? म्हटलं, नाव तर तुम्हीच कापलं. म्हणाले, मग लेखी द्या. बाईला कुठलं लिहिता येतंय, असं वाटलं असेल. यांच्या गाण्यांच्या वह्यांतली अक्षरं लावून लावून लिहा-वाचायला शिकले मी.

गुरुवार, १४, रात्री
अर्ज देऊन आले. पेपरातल्या जाहीर नोटिशीसारखा दणदणीत लिहिला. 'सदर गाणे तात्काळ बंद करून त्याच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात, अन्यथा कोर्टात जाईन.' ऐकणार नाहीतच म्हणा. पुढारी कधी कुणाचं ऐकतात? मतदानापर्यंत वाजवतील. तोवर लढा चालूच.

शनिवार, १६, दुपारी
रिक्षा आली. गाणं दुसरंच, कुठल्या तरी बाईच्या आवाजातलं. नवनाथला विचारलं, आधीचं कुठं गेलं? म्हणाला, मावशी, तुमच्या अर्जाला लई भेले मोहनराव. पेनड्राइव्ह, मोबाईल, समद्यातून पुसायला लावलं. माझ्याकडं बी ऱ्हायलं न्हाई.
म्हटलं, बरं झालं. असंच पाहिजे.
तो रिक्षा चालू करायला लागला. मग म्हटलं, आठवडाभर फिरवलंस, पाठ तर झालं असेल? जरा म्हण.
लाजला, पण म्हटलं त्यानं. अख्खं. साहेबांच्या नावासकट.
मी टोकलं नाही.